संत तेरेजेचे वडील लुई मार्टिन यांचे अखेरचे दिवस

बाळ येशूच्या संत तेरेजेची तसबीर आपणांपैकी बहुतेकांच्या घरी आहे. हाती क्रूस व गुलाबपुष्पे घेतलेली ती कार्मेलवासिनी आपल्या आयाबहिणींच्या नित्य परिचयाची. तिच्या नावाने नोव्हेना होतात, मुलींची नावे ठेविली जातात. सन १९२७ मध्ये परमगुरू अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने तिला मिशनकार्याची आश्रयदात्री ठरविले, तेव्हापासून गोव्यात ज्यांचा पवित्र देह विसावला आहे त्या थोर प्रेषिताशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. परंतु या संतकन्येचा पिता आपल्या उतारवयात तीन वर्षांहून अधिक काळ वेड्यांच्या इस्पितळात होता, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. सांगितली तरी दोन वाक्यांत उरकून घेण्याची रीत आहे.

जुबिलीच्या मंगल अंकात असला विषय कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच की, जुबिली ही साऱ्या धर्मग्रामाची असते, आणि धर्मग्रामात अशीही घरे असतात की जेथे एखादा वृद्ध बाप पोरांस ओळखीत नाही, रात्री उठून अंगणाचे दार उघडू पाहतो, नसलेल्या माणसांशी भांडतो. आणि पाहुणे आले म्हणजे त्या खोलीचा पडदा ओढून घेण्यात येतो. त्या पडद्याआड बसणाऱ्या लेकीसुनांसाठी हे चरित्र लिहिले आहे. इतरांनी वाचले तरी हरकत नाही.

लुई मार्टिन यांचा जन्म ता. २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्स देशातील बोर्दो नगरी झाला. वडील सैन्यात कप्तान असल्याने मुलाचे बालपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेले, व पुढे वडिलांनी पेन्शन घेतल्यावर कुटुंब नॉर्मंडी प्रांतातील आलाँसों या गावी स्थिर झाले. लुई घड्याळजीचा धंदा शिकले. हा धंदा शांत वृत्तीच्या, स्थिर हाताच्या व चिकाटीच्या माणसाचा. त्यांच्या स्वभावास तो पुरता मानवला. वयाच्या बाविसाव्या वर्षी आल्प्स पर्वतावरील संत बर्नार्डच्या मठात व्रतस्थ होण्याची इच्छा त्यांनी प्रकट केली. परंतु तेथील प्रमुखांनी प्रथम लॅटिन भाषा शिकून येण्यास सांगितले. त्यांनी अभ्यास आरंभिला खरा, पण प्रकृतीने साथ दिली नाही, व तो मार्ग सुटला. सन १८५० मध्ये त्यांनी आलाँसों येथे स्वतःचे दुकान थाटले. रविवारी दुकान उघडावयाचे नाही हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून गिऱ्हाइके येत व शेजारचे दुकानदार चांगली कमाई करीत. परंतु मार्टिन यांनी तो नेम कधी मोडला नाही.

ता. १३ जुलै १८५८ रोजी झेली गेराँ या कर्तबगार स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. झेलीबाई आलाँसोंची प्रसिद्ध लेस विणून घेण्याचा व्यवसाय चालवीत. पुढे तो इतका वाढला की, लुईंनी आपले दुकान भाच्यास देऊन पत्नीच्या धंद्यात लक्ष घातले. या जोडप्यास नऊ अपत्ये झाली. पैकी दोन मुलगे व दोन मुली बालपणीच देवाघरी गेल्या. मारी, पॉलिन, लिओनी, सेलिन व ता. २ जानेवारी १८७३ रोजी जन्मलेली तेरेजा, अशा पाच मुली वाचल्या.

लुई मार्टिन यांच्या अंगी दया कशी होती याची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या विषयाशी लागून आहे. एकदा रेल्वे स्टेशनावर त्यांस एक फेफऱ्याचा रोगी दिसला. घरी जाण्यास त्याजपाशी भाडे नव्हते. फेफरे हा मेंदूचा विकार. त्या काळी लोक अशा माणसापासून दूर सरत. लुईंनी डोक्यावरची टोपी काढली, तीत प्रथम स्वतःचे नाणे टाकले, आणि टोपी पुढे करून ते उतारूंमध्ये फिरले. भिकाऱ्याप्रमाणे हात पसरण्याची त्या प्रतिष्ठित गृहस्थास लाज वाटली नाही. पुढे त्यांचाच मेंदू आजारी पडला, तेव्हा त्यांच्यासाठी अशी टोपी फिरविणारे किती निघाले, हे पुढे येईलच.

ता. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीबाई स्तनाच्या कर्करोगाने निवर्तल्या. लुई त्या वेळी चौपन्न वर्षांचे होते. थोरली मुलगी सतरा वर्षांची आणि धाकटी साडेचार वर्षांची. मुलींना मायेचे माणूस जवळ असावे म्हणून त्यांनी आलाँसों गाव सोडले व लिझ्यू येथे, जेथे झेलीबाईंचे बंधू इझिदोर गेराँ औषधांचे दुकान चालवीत, तेथे बिऱ्हाड केले. त्या घराचे नाव ले ब्यूइसोने. सकाळची मिस्सा, दुपारी लहानगीस बरोबर घेऊन पवित्र साक्रामेंताची भेट, कधी नदीकाठी गळ टाकून मासेमारी, सायंकाळी मुलींसह वाचन व प्रार्थना, असा त्यांचा दिवस जाई. सन १८८३ च्या वसंतात दहा वर्षांच्या तेरेजेस एक चमत्कारिक दुखणे जडले. तिला भास होत, अंगास कंप सुटे, बापाच्या हातातील टोपी पाहूनही ती घाबरून जाई. पोर मरणार किंवा वेडी होणार अशी धास्ती लुईंनी घेतली. पॅरिस येथील विजयमातेच्या मंदिरात त्यांनी मिस्सा सांगितल्या. ता. १३ मे रोजी, पवित्र आत्म्याच्या सणादिवशी, मरियामातेची मूर्ती आपणाकडे पाहून हसली असे तेरेजेने पाहिले, व ती बरी झाली. म्हणजे वेडाची भीती या घरात प्रथम शिरली ती बापाच्या रूपाने नव्हे, मुलीच्या. आणि बिछान्याशेजारी बसून रडणारा होता तो बाप.

याहून थोडी आधीची एक घटना तेरेजेने लिहून ठेविली आहे. वडील परगावी गेले असता भरदुपारी तिला बागेत वडिलांसारखाच एक पुरुष दिसला. तो वाकून चालत होता व त्याचे डोके जाड फडक्याने झाकलेले होते. तिने हाका मारल्या, परंतु तो झाडीत नाहीसा झाला. सर्वांनी शोध केला, कोणी सापडले नाही. या दृश्याचा अर्थ कुटुंबास पुढे काही वर्षांनी कळला असे त्यांचे मानणे होते, कारण आजाराच्या दिवसांत लुई खरोखरच रुमालाने आपले तोंड झाकून घेत.

सन १८८२ मध्ये पॉलिन व सन १८८६ मध्ये मारी लिझ्यूच्या कार्मेल मठात गेल्या. ता. १ मे १८८७ रोजी सकाळी लुई मार्टिन उठले तो त्यांच्या डाव्या अंगास पक्षाघात झालेला. वय ६३. थोड्याच दिवसांत अंगात बळ आले, ते चालू-फिरू लागले, आणि घरच्यांस वाटले की संकट टळले. पुढे त्याच महिन्यात, ता. २९ मे रोजी, चौदा वर्षांच्या तेरेजेने बागेत वडिलांशेजारी बसून मठात जाण्याची परवानगी मागितली. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी संमती दिली. भिंतीवरचे एक पांढरे लहानसे फूल मुळासकट उपटून तिच्या हाती ठेविले. वाचकांनी या दोन तारखांचा क्रम ध्यानात ठेवावा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ते तेरेजा व सेलिन यांस घेऊन रोमला गेले, व परमगुरू तेरावे लिओ यांच्यापुढे तेरेजेने आपली विनंती स्वतः मांडली. ता. ९ एप्रिल १८८८ रोजी ती मठात गेली. पुढे आलाँसोंच्या मंदिरात प्रार्थना करीत असता लुईंच्या मनास असा आनंद झाला की, इतके सुख आपणास योग्य नव्हे, देवासाठी काही सोसावयास मिळावे, असे त्यांनी देवास विनविले व स्वतःस अर्पण केले. यावरून कित्येक भाविक असे सांगतात की, त्यांनी मागितले म्हणून देवाने दुखणे दिले. प्रस्तुत लेखकास हे गणित पटत नाही. दुखणे एक वर्ष आधीच येऊन दारात उभे होते. त्यांनी अर्पण केले ते आलेले दुःख कसे स्वीकारावयाचे त्याचे, असे म्हणणे सत्यास अधिक धरून होईल.

ता. २३ जून १८८८ रोजी लुई घरातून नाहीसे झाले. कोणास काही सांगितले नाही. पुढे ल हाव्र या बंदरातून त्यांचा निरोप आला. सेलिन व मामा तिकडे धावले. ता. २७ रोजी ते सापडले. कोठे तरी दूर जाऊन एकांतात देवभजन करीत राहावे, ही तरुणपणची इच्छा त्यांच्या मनात पुन्हा उसळली होती. आणि आता तीस विवेकाचा लगाम उरला नव्हता. त्यानंतर कधी पूर्ववत् शहाणपण, कधी गोंधळ, असे आळीपाळीने चालले. ता. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजेचा मठवस्त्र धारण करण्याचा विधी झाला, तेव्हा मात्र त्यांची प्रकृती उत्तम होती. पांढऱ्या वेषातील लेकीस हात देऊन ते स्वतः मंदिरात घेऊन आले. बाहेर बर्फ पडले होते.

एक महिना उलटला. फेब्रुवारी महिन्यात लुईंना भास होऊ लागले. युद्ध चालू आहे, तोफा व पडघम वाजत आहेत, कत्तल होत आहे, असे त्यांस दिसे व ऐकू येई. मुलींचे रक्षण करावे म्हणून त्यांनी हाती रिव्हॉल्व्हर घेतले, व ते ते सोडीनात. ज्याने हयातीत कोणास दुखविले नाही असा हा बाप. त्याच्या हातात भरलेले शस्त्र आणि घरात पंचवीस व एकोणीस वर्षांच्या दोन मुली. इझिदोर गेराँ यांनी एका मित्राच्या साहाय्याने ते शस्त्र काढून घेतले, आणि ता. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांस लिझ्यूपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या काँ नगरातील बाँ सोव्हर या मनोरुग्णालयात पोहोचविले.

युद्धाचेच भास का व्हावेत, याचा विचार करण्यासारखा आहे. आजारी मेंदू भलतेसलते नवे काही निर्माण करीत नाही. तो जुन्या कोठारातूनच वस्तू काढतो आणि चुकीच्या जागी मांडतो. लुई हे छावणीत वाढलेले सैनिकपुत्र. त्यातून सन १८७१ च्या आरंभी जर्मन फौजांनी आलाँसों घेतले तेव्हा नऊ शत्रुसैनिक मार्टिन कुटुंबाच्याच घरी उतरविले गेले होते, आणि घरात लहान लहान मुली होत्या. त्या वेळी दाबून ठेविलेली भीती अठरा वर्षांनी बाहेर पडली असावी असे म्हणावयास जागा आहे. घरातील वृद्ध असंबद्ध बोलू लागला म्हणजे आपण त्यास गप्प करतो. पण त्या बोलण्यात त्याच्या आयुष्याचे तुकडे असतात.

आता या रोगाविषयी. लुईंच्या वैद्यांनी मेंदूतील रक्तवाहिन्या कठीण होण्याचा विकार ठरविला होता, व आजच्या ज्ञानाशी तो निर्णय जुळतो. मेंदूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंती वर्षानुवर्षे जाड व ताठर होत जातात; एखादी मोठी वाहिनी बंद पडली तर अर्धांग जाते, आणि सूक्ष्म वाहिन्या एकेक करून बंद पडल्या तर बाहेर काही दिसत नाही, परंतु आत मेंदूचे लहान लहान भाग मरत राहतात. त्यामुळे स्मरण, निर्णय, भावनांवरील ताबा ही हळूहळू ढासळतात. हा ऱ्हास पुष्कळदा उतरणीसारखा सरळ नसून जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो: एक धक्का, मग काही काळ स्थिरता, कधी आश्चर्य वाटावे इतकी शुद्ध, मग दुसरा धक्का. लुईंचे १८८७ ते १८९४ पर्यंतचे आयुष्य नेमके असेच उतरले. आज यास रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारा स्मृतिभ्रंश म्हणतात; अल्झायमरच्या रोगानंतर स्मृतिभ्रंशाचे हेच सर्वांत मोठे कारण गणले जाते. योगायोग असा की, ओटो बिन्सवांगर या वैद्याने कठीण झालेल्या रोहिण्यांमुळे मेंदूचा कसा ऱ्हास होतो त्याचे वर्णन सन १८९४ मध्ये, म्हणजे लुईंच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध केले. दंडास पट्टी बांधून रक्तदाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे साधन तर सन १८९६ मधले. या रोगाचे मुख्य मूळ जो वाढलेला रक्तदाब, तो लुईंच्या वैद्यांस मोजताही येत नव्हता. मग उतरविणे दूरच. विश्रांती, स्नाने, झोपेची औषधे व चांगली शुश्रूषा, एवढेच त्यांच्या हाती होते.

लिझ्यूच्या लोकांस मात्र रोहिण्यांशी कर्तव्य नव्हते. त्यांनी कारण शोधून काढले होते: मुलींनी बापास टाकले, विशेषतः लाडकी धाकटी पोरवयात मठात गेली, त्या दुःखाने म्हातारा वेडा झाला. हे बोलणे मठाच्या भेटीच्या खोलीपर्यंत पोहोचले, आणि जाळीआड बसलेल्या तिघी बहिणींस ते ऐकावे लागले. सोळा वर्षांच्या मुलीने बापास वेड लावल्याचा आरोप मुकाट्याने ऐकणे, यास काय म्हणावे! वर सांगितलेल्या तारखा आता आठवाव्यात. पक्षाघाताचा पहिला झटका १ मे १८८७ चा. तेरेजेने परवानगी मागितली ती २९ मे रोजी. रोग आधी, वियोग मागाहून. तथापि न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, ल हाव्रच्या प्रसंगापूर्वी आठच दिवस सेलिननेही मठात जाण्याचा आपला मनोदय वडिलांस सांगितला होता, आणि पत्नी व चार अपत्ये यांच्या मृत्यूचे घाव त्यांच्या मनावर होतेच. दुःखाचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही असे कोणी म्हणू नये. परंतु ताठ झालेल्या वाहिन्या ही एका दिवसाच्या शोकाची करणी नव्हे. ती कित्येक वर्षांची, गुपचूप चाललेली गोष्ट असते. आपल्या एखाद्या बोलण्यामुळे, परदेशी नोकरीस गेल्यामुळे किंवा मनाविरुद्ध लग्न केल्यामुळे वडिलांचे डोके फिरले, अशी सल मनात बाळगणारी मुले आपल्यातही आहेत. त्यांनी तेरेजेच्या या दोन तारखा पाहाव्यात.

इझिदोर गेराँ यांनी मेहुण्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेविले म्हणून कोणी त्यांस दोष देतात. आपल्या भागात ठाण्याला नेले म्हटले की ऐकणारा काय समजायचे ते समजतो. तेथे बाँ सोव्हरचे नावही तशाच अर्थाने घेतले जाई. तेव्हा या निर्णयाची लाज काय होती हे आपणांस वेगळे सांगावयास नको. परंतु शस्त्र हाती घेतलेल्या रुग्णास घरी ठेवणे त्या वेळी शक्य नव्हते, आणि निवडलेले ठिकाण चांगले होते. बाँ सोव्हरच्या भगिनी हे इस्पितळ चालवीत, व रुग्णांस मायेने वागविण्याविषयी त्याची ख्याती होती. सेलिन व लिओनी यांनी काँ येथेच एका अनाथाश्रमात खोली घेतली व तीन महिने तेथे राहिल्या. वडिलांस भेटण्याची परवानगी आठवड्यातून एकदाच असे. परंतु त्या रोज फाटकाशी जाऊन बातमी विचारीत. पुढे मे महिन्यात लिझ्यूस परतल्यावरही आठवड्याची भेट त्यांनी सोडली नाही.

इस्पितळात लुईंचे वर्तन कसे होते, हे तेथील शुश्रूषा करणाऱ्या भगिनींनी सांगून ठेविले आहे. शुद्ध असेल तेव्हा ते मंदिरात जात व ख्रिस्तशरीर स्वीकारीत. घरून आलेला खाऊ ते शेजारच्या रुग्णांस वाटून टाकीत. आपण कोठे आहोत याची त्यांस जाणीव होती, आणि हेच सर्वांत कठीण. पूर्ण विस्मृती आलेल्यास स्वतःची अवस्था कळत नाही. परंतु या रोगात मध्येच पडदा बाजूस होतो आणि माणूस आपणांस पाहतो. अशाच एका वेळी त्यांनी वैद्यास सांगितले की, मला आजवर हुकूम करण्याची सवय होती, आता आज्ञा पाळावयाची आहे; आयुष्यात मानहानी कधी वाट्यास आली नव्हती, ती आता आली आहे, व ती देवाच्या हातून आली असे मी समजतो. त्याच वर्षी जून महिन्यात मालमत्तेची व्यवस्था आपल्या हातून काढून देण्याच्या कागदावर त्यांची सही घेण्यात आली. व्यवहाराच्या दृष्टीने ते आवश्यक असेल. पण ही मुलींची इच्छा आहे असे कळल्यावर ते रडले. मुलींना ही गोष्ट जन्मभर सलत राहिली. कागद तयार करणारे सज्जन होते, तरीही रोग्यापुढे तो कागद कसा ठेवावयाचा याचा विचार कोणी केला असे दिसत नाही. आजही अशा सह्या अनेक घरांत होतात.

इकडे मठात तेरेजेच्या व्रतग्रहणाची तारीख लांबत जाऊन ता. ८ सप्टेंबर १८९० ही ठरली. ता. २४ सप्टेंबर रोजी काळे शिरोवस्त्र घेण्याचा जाहीर विधी होता. त्या दिवशी वडिलांस क्षणभर तरी जाळीपाशी आणावे, अशी सेलिनने तजवीज केली होती. मामांनी ऐनवेळी नको म्हटले. रुग्णास सोसणार नाही अशी त्यांची भीती. तेरेजा त्या दिवशी रडली. बहिणींतील सर्वांत धैर्यवान म्हणून ख्यात झालेली ही संत, पण वडील दिसणार नाहीत हे कळल्यावर तिला अश्रू आवरले नाहीत. मठवस्त्र घेतले तेव्हापासून तिने बाळ येशूच्या नावाला ख्रिस्ताच्या पवित्र मुखाचे नाव जोडले होते. काट्यांच्या मुकुटाखाली झाकोळलेले, कोणी ओळखू नये असे झालेले प्रभूचे मुख, आणि रुमालाने झाकलेले वडिलांचे मुख, ही दोन्ही तिच्या मनात एक होऊन गेली. पुढे आत्मचरित्रात तिने या तीन वर्षांस कुटुंबाची मोठी संपत्ती मानले आहे. ज्यांनी हे दुखणे घरात पाहिलेले नाही त्यांनी या विधानाचा उपयोग इतरांचे सांत्वन करण्यासाठी लगेच करू नये. ते तिने लिहिले, कारण तिने सोसले होते.

सन १८९२ पर्यंत लुईंचे पाय पूर्णपणे गेले. आता पळून जाण्याचे वा कोणास इजा होण्याचे भय उरले नाही, म्हणून ता. १० मे रोजी इझिदोर त्यांस घरी घेऊन आले. दोन दिवसांनी त्यांस कार्मेलच्या भेटीच्या खोलीत नेले. तिघी मुलींनी चार वर्षांपूर्वीचा ताठ, रुबाबदार बाप आठवीत जाळीतून पाहिले तो खुर्चीत एक खंगलेला म्हातारा होता. निरोपाच्या वेळी त्यांनी बोट वर केले व आता भेट स्वर्गात, अशा अर्थाचा एकच शब्द उच्चारला. ती भेट शेवटची ठरली.

यापुढची दोन वर्षे सेलिनची. लिओनी काही काळ सोबत होती, नंतर तीही मठात गेली. सेलिन तेवीस वर्षांची होती. तिला मागणी आली होती, मठही बोलावीत होता. दोन्ही बाजूस ठेवून तिने वडिलांचे अंग पुसणे, घास भरविणे, चाकांच्या खुर्चीतून बागेत फिरविणे पत्करले. हाताशी एक गडी होता. उन्हाळ्यात मामांच्या ला म्यूस या एव्हरनजीकच्या वाड्यात त्यांस नेत. तेथे झाडांखाली लुई तासन्तास बसून असत. बोलत थोडे, रडत पुष्कळ, आणि तोंड ओळखीत. ता. २७ मे १८९४ रोजी पुन्हा झटका येऊन डावा हात निकामी झाला, व त्यांस पवित्र तैलाभ्यंग देण्यात आला. पुढील महिन्यात हृदयविकाराचा झटका आला. ता. २९ जुलै, रविवार, सकाळी सेलिन जवळ बसून प्रार्थना म्हणत असता त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत पूर्ण ओळख होती, असे तिने सांगितले आहे. त्यानंतर ते मिटले. वय ७० वर्षे ११ महिने. त्या वर्षी सप्टेंबरच्या १४ तारखेस सेलिनही कार्मेलमध्ये गेली.

आजच्या वैद्यकाकडे येऊ. मेंदूचे वार्धक्यातील आरोग्य हे केवळ साठीनंतर ठरत नसून पुष्कळसे चाळिशी-पन्नाशीतही घडत असते, हे आता मान्य झाले आहे. सन २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने असे मांडले की, स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के रुग्णांत तो टाळता किंवा लांबविता येण्याजोगा आहे. त्यांनी दाखविलेल्या चौदा कारणांत मध्यम वयातील वाढता रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्य, एकटेपणा, ऐकू न येणे यांच्या रांगेत खिन्नतेचा आजारही आहे. म्हणजे मनाचा आजार आणि मेंदूचा ऱ्हास या दोन परक्या गोष्टी नव्हेत. दीर्घकाळ उपचाराविना राहिलेली खिन्नता पुढील स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविते. उलट, उतारवयात प्रथमच आलेली खिन्नता ही कित्येकदा मेंदूतील वाहिन्या बिघडू लागल्याची पहिली खूण असते. घरातील कर्ता माणूस एकाएकी गप्प झाला, मिस्सेस जाईनासा झाला, हिशेब चुकवू लागला, तर त्याचा विश्वास ढळला किंवा तो हट्टी झाला असा निवाडा करण्यापूर्वी त्याचा रक्तदाब मोजून घ्यावा. तो मोजण्याचे यंत्र आता खेड्यातील दवाखान्यातही असते. लुईंच्या वैद्यांपाशी ते नव्हते. कायद्यानेही पुष्कळ मजल मारली आहे. आपल्याकडे सन १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड हा शब्द होता. सन २०१७ च्या कायद्याने मानसिक रुग्णास उपचाराचा व सन्मानाने वागविले जाण्याचा हक्क दिला.

ख्रिस्तसभेने या पित्याचा निवाडा सावकाश केला. सन १९९४ मध्ये त्यांचे सद्गुण वंदनीय ठरले, ता. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे ते पत्नीसह धन्यवादित झाले, आणि ता. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी परमगुरू फ्रान्सिस यांनी रोम येथे दोघांस एकाच वेळी संतपद दिले. पतिपत्नीस एकत्र संत म्हणून घोषित करण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांचा सण ता. १२ जुलै रोजी असतो. संत म्हणून उभ्या केलेल्या या माणसाच्या चरित्रातून इस्पितळाची तीन वर्षे कोणी वगळली नाहीत.

काँ नगरातील बाँ सोव्हरच्या जागी आजही मानसिक आजारांचे सार्वजनिक इस्पितळ आहे. आणि ला म्यूसच्या ज्या आवारात खुर्चीत बसून लुई मार्टिन झाडांकडे पाहत असत, तेथेही पुढे इस्पितळ उभे राहिले. दुखण्याने दुबळे झालेल्या लोकांस तेथे पुन्हा हिंडू-फिरू लागावे यासाठी उपचार देतात.